सातपुड्यात हँडी नेताय? आधी ऐकणारा ठरवा

तोरणमाळला सीताखाईच्या अंगानं आम्ही चौघं एका नाल्यात उतरलो होतो. बरोबर दोन हँडी, म्हणजे हौशी रेडिओचे हातात धरून बोलायचे सेट. उतरणीवर एकाचा पाय मुरगळला, बघता बघता घोटा सुजला आणि पाऊल टेकवेना. मोबाइलला सकाळपासूनच रेंज नव्हती. मी हँडीचं बटण दाबून शहाद्याच्या आबांना हाक मारली, तर नुसती खरखर. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदाही तेच. मावसभावाकडे स्वतःचा परवाना होता. तो दुसरी हँडी घेऊन वीस मिनिटं चढला, कड्याच्या धारेवर उभा राहिला आणि बरोबर एक वाजता त्यानं हाक दिली. आबा पहिल्या हाकेला बोलले, आवाज शेजारच्या खोलीतून यावा इतका स्वच्छ. दुपारी एकला सेट लावून बसायचं, हे त्यांनी आदल्या रात्री कागदावर लिहून घेतलं होतं. जीपवाल्याला निरोप, घरच्यांना निरोप, दवाखान्यात आधी कळवणं, हे सगळं पुढे त्यांनीच केलं.

त्या दिवशी कळलेल्या दोन गोष्टींवर हा लेख उभा आहे. खाली मुका असलेला सेट वर चढल्यावर बोलला. आणि तो बोलला तेव्हा पलीकडे कुणीतरी कान देऊन बसलं होतं. नवे लोक विचारतात, ‘कोणता सेट घेऊ?’ मी त्यांना उलट विचारतो, ‘तुमचं ऐकणार कोण?’

हॅम म्हणजे काय, आणि परवाना

हौशी रेडिओ चालवणाऱ्याला जगभर हॅम म्हणतात. सरकारकडून परवाना आणि स्वतःचं कॉल साइन, म्हणजे हवेवर सांगायचं ओळखनाव, घ्यायचं आणि ठरवून दिलेल्या फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्यांत बोलायचं. मध्ये टॉवर नाही, कंपनी नाही, सिमकार्ड नाही. आपल्या सेटमधून निघालेली लहर थेट समोरच्याच्या सेटमध्ये जाते, म्हणून टॉवर बंद पडले तरी हे चालू राहतं. धंद्याचं बोलणं, गाणी लावणं, सांकेतिक भाषेत गुपचूप बोलणं यांना मनाई आहे. जे बोलाल ते कुणीही ऐकू शकतं, हे धरूनच बोलायचं.

भारतात असा सेट नुसता जवळ बाळगायलाही परवाना लागतो. ऑनलाइन स्वस्तात मिळतो म्हणून आधी सेट आणि मग परवाना, असं करू नका. क्रम असा आहे: अभ्यास, परीक्षा, परवाना, मग सेट. दूरसंचार विभागाची वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंग, म्हणजे डब्ल्यूपीसी, परीक्षा घेते आणि अर्ज ‘सरल संचार’ या सरकारी पोर्टलवर भरायचा असतो. वय किमान १२ वर्षं हवं. श्रेणी दोन. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्सची, म्हणजे टिंब-रेघांच्या संकेतांची, परीक्षा नाही, जनरलला आहे. रिस्ट्रिक्टेडवाल्यांचं कॉल साइन व्हीयू३ नं सुरू होतं, जनरलवाल्यांचं व्हीयू२ नं. पेपरात निम्मा भाग रेडिओचं प्राथमिक तंत्र, निम्मा नियम. बारावी शास्त्र झालेल्याला हे जड नाही. कला शाखेचे लोकही दोन-तीन महिने रोज तासभर बसून पास झालेले मी पाहिले आहेत. परीक्षेनंतर परवाना हातात यायला वेळ जातो. त्यामुळे पुढच्या पावसाळ्यात सेट हवा असेल तर अर्जाची तयारी या दिवाळीतच करा.

तोवर गप्प बसायचं कारण नाही. जवळच्या परवानाधारकाच्या घरी जा आणि ऐकत बसा. इंटरनेटवर रिसीव्हर उघडे ठेवलेले असतात, त्यांवर ७ मेगाहर्ट्झची पट्टी सकाळी ऐका. महिनाभर नुसतं ऐकलेला माणूस पहिल्या दिवशी माइकसमोर अडखळत नाही.

सहलीत सगळ्यांकडे परवाना नसतो. त्यांच्यासाठी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे, मान्यता असलेले कमी ताकदीचे वॉकीटॉकी आहेत. त्यांना परवाना लागत नाही. पुढची टोळी आणि मागची टोळी यांच्यात एवढं पुरतं. हॅमचा सेट मात्र परवानाधारकाच्याच हातात राहू द्या, आणि परवान्याची प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बरोबर ठेवा. पोलीस किंवा वनरक्षक विचारणारच, आणि त्यांनी विचारलंच पाहिजे.

सेट

पहिला सेट १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर चालणारी पाच वॅटची हँडी असावा. तिच्यात बहुतेक वेळा ४३४ ते ४३८ ची पट्टीही असते. स्वस्त हँडी परवान्याबाहेरच्या फ्रिक्वेन्सीवरही बोलू शकतात आणि खिशात बटण दाबलं गेलं तर पोलीस किंवा वनखात्याच्या वायरलेसमध्ये आवाज घुसू शकतो. म्हणून सेट आणल्या आणल्या लागणाऱ्या फ्रिक्वेन्सी मेमरीत भरा आणि कीपॅडचं लॉक लावायची सवय करा. बरोबर एक जादा बॅटरी घ्या. याहून जास्त खर्च पहिल्या वर्षी करू नका.

डोंगर लहरीला काय करतो

या पट्टीतली लहर साधारण नजरेसारखी सरळ जाते. डोंगर आडवा आला की थांबते. किती लांब पोहोचेल याचा सोपा हिशेब आहे: अँटेनाच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढा आणि ४.१२ नं गुणा. येतील तितके किलोमीटर रेडिओचं क्षितिज. सपाट शेतात उभ्या माणसाच्या हातात हँडी दीड मीटरवर असते. म्हणजे एका बाजूचे पाच, दोन्ही बाजूंचे मिळून दहा किलोमीटर. हे कागदावर. शेत, झाडं, घरं यांतून प्रत्यक्षात दोन-चार मिळाले तरी पुष्कळ. आता तोरणमाळच्या दक्षिण कड्यावर या. खाली तापीकाठचा सपाट मुलूख, मध्ये काही आडवं नाही. समजा, कडा मैदानापेक्षा ९०० मीटर उंच आहे. वर्गमूळ ३०, गुणिले ४.१२, झाले सुमारे १२४ किलोमीटर. तेच पाच वॅट, तीच हँडी.

पाच वॅटचे दहा वॅट केले तर पलीकडच्याला फरक जेमतेम जाणवतो. चढून धारेवर आलात तर मुका सेट बोलायला लागतो. रेंज मिळत नसेल तर नवा सेट शोधण्याआधी पायाखालची जागा बदला. कधी कधी दोन पावलं बाजूला सरकलं तरी आवाज येतो, कारण खडकावरून परतलेल्या लहरी एका जागी एकमेकींना मारतात आणि हातभर अंतरावर एकमेकींना साथ देतात.

खाली मैदानात आपल्याकडची अडचण वेगळी. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत मध्यभागी उभं राहून बोलून बघा. पाण्यानं भरलेली ती पानं आणि खोडं लहर शोषून घेतात, ४३५ ची जास्त, १४५ ची कमी. बागायती पट्ट्यात १४५ वर राहा आणि बोलताना बांधावर किंवा रस्त्यावर या.

मुक्काम खोल दरीत असेल आणि वर चढणं शक्य नसेल तर युक्ती निराळी आहे. लहर आडवी जात नाही ना, मग ती सरळ आकाशात पाठवायची. ७ मेगाहर्ट्झची, म्हणजे ४० मीटर पट्टीची लहर वरच्या आयनोस्फिअरला, म्हणजे वातावरणातल्या विद्युतभारित थराला, लागून खाली परतते आणि भोवतीच्या तीनशेएक किलोमीटरच्या वर्तुळात पाऊस पडावा तशी उतरते. मधले डोंगर तिला आडवेच येत नाहीत. यासाठी एकूण २० मीटर तार मधोमध तोडून दोन झाडांना आडवी बांधायची, जमिनीपासून फक्त तीन-चार मीटरवर. इथं अँटेना बुटकी असलेलीच बरी. सेट मोठा लागतो, बारा व्होल्टची बॅटरी लागते, त्यामुळे पाठीवर घेऊन चालण्यापेक्षा तळावर ठेवायचं हे काम. दिवसा छान चालतं. अंधार पडला की याच पट्टीवर जवळची स्टेशनं बुडतात आणि लांबची बोलू लागतात, तेव्हा ८० मीटर पट्टीवर या.

हँडीची अँटेना घरी सुधारा

हँडीबरोबर येणारी आखूड रबरी अँटेना खिशाच्या सोयीची असते, लहरीच्या सोयीची नसते. १४५ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी दोन मीटरच्या आसपास, तिचा पाव भाग म्हणजे सुमारे अर्धा मीटर. एवढं मापच त्या बोटभर अँटेनाला मिळत नाही.

पहिला उपाय जवळजवळ फुकट आहे. घरातल्या वायरिंगची साधी तांब्याची तार घ्या, साधारण ४९ सेंटिमीटर. एक टोक सोलून अँटेनाच्या बुडाशी जी धातूची बाहेरची कडी असते तिला घट्ट गुंडाळा, मधल्या पिनेला लागू देऊ नका, आणि उरलेली तार खाली लोंबती सोडा. हँडीला जो खालचा अर्धा भाग कमी पडतो, तो या शेपटीनं मिळतो. खरखरीत बुडणारा आवाज यानं वर येताना मी बऱ्याचदा ऐकला आहे.

दुसरा उपाय एका दुपारचा. पन्नास-पन्नास सेंटिमीटरच्या दोन तारा कापा. आरजी-५८ कोॲक्सियल केबलचा चार मीटरचा तुकडा घ्या. एक तार केबलच्या मधल्या तारेला आणि दुसरी वरच्या जाळीला डाग द्या. जोडावर आधी इन्सुलेशन टेप, त्यावर सायकल ट्यूबचा तुकडा ताणून बांधा, पाणी शिरायला नको. एक तार वर, एक खाली, आणि केबल जोडापासून काटकोनात बाजूला जाईल अशी ठेवा. अँटेनाकडून किती ताकद परत फिरते ते दाखवणारा एसडब्ल्यूआर मीटर मागून आणा आणि दोन्ही टोकं सारखीच, अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरनं कापत जा, आकडा दीडच्या खाली येईपर्यंत. घाईत दोन सेंटिमीटर एकदम कापले तर परत जोडता येत नाहीत. माझी पहिली अँटेना तशीच गेली. शेवटी वरच्या टोकाला मासे पकडायची तंगूस बांधा. डोंगरात तंगुसाच्या दुसऱ्या टोकाला लिंबाएवढा दगड बांधून तो सागाच्या फांदीवरून टाकायचा आणि अँटेना वर ओढायची. गुंडाळली की हे सगळं टिफिनच्या डब्यात मावतं.

निघण्याआधीचा कागद

आबांनी लिहून घेतलं तसा कागद दोन प्रतींत करा. एक तुमच्याकडे, एक ऐकणाऱ्याकडे. त्यावर कोण-कोण जातंय, घरच्यांचे नंबर, गाडी कुठे लावणार, वाट कोणती, मुक्काम कुठे, परतीची वेळ. मुख्य फ्रिक्वेन्सी एक आणि ती गजबजलेली असेल तर दुसरी एक. आणि हाकेच्या वेळा. दर दोन तासांनी, तासाच्या ठोक्यापासून पहिली पाच मिनिटं: सकाळी ९, ११, दुपारी १, ३, संध्याकाळी ५ आणि ७. बाकी वेळ सेट बंद. दिवसभर चालू ठेवलेली बॅटरी नेमकी संध्याकाळी, गरज पडते तेव्हा संपते. दोन्ही घड्याळं निघताना मिळवून घ्या.

हाकेच्या वेळी दरीत असाल तर वाटेचं गणित असं बसवा की ती पाच मिनिटं खिंडीत किंवा धारेवर सापडतील. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हाक आली नाही तर ऐकणाऱ्यानं काय करायचं हेही लिहा. एक हाक चुकली तर थांबायचं, दोन चुकल्या तर गावच्या ओळखीच्या माणसाला विचारायचं, अंधार पडेपर्यंत काहीच कळलं नाही तर ११२ ला कळवायचं. हे लिहिलेलं नसेल तर आई पहिल्या चुकलेल्या हाकेलाच अख्ख्या गावाला उठवते, किंवा ऐकणारा ‘असतील कुठंतरी’ म्हणून झोपी जातो.

ऐकणारा शक्यतो उंच गच्चीवर अँटेना असलेला, परवानाधारक आणि वेळेचा पक्का असावा. असा माणूस जोडायला हँडीपेक्षा जास्त कष्ट पडतात. ते आनंदानं घ्या. त्याच्या गच्चीवर पाइप उभा करायला जा, केबल ओढून द्या, कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊन या.

बोलायचं कसं

आधी ऐका. पट्टी मोकळी असेल तर बटण दाबा, एक सेकंद थांबा, मग बोला. नवा माणूस बटण आणि तोंड एकदम उघडतो आणि पहिला शब्द कापला जातो. तो शब्द बहुतेक वेळा ‘नको’ किंवा ‘नाही’ असतो, आणि अर्थ उलटतो. सेट तोंडापासून चार बोटं लांब, अँटेना उभी. कॉल साइन अक्षरांच्या ठरलेल्या नावांनी सांगा: व्हिक्टर, युनिफॉर्म, थ्री आणि पुढची तुमची अक्षरं.

आकड्यांचं आपल्या मराठीत खास जपावं लागतं. खरखरीत ‘सहा’ आणि ‘दहा’, ‘सात’ आणि ‘साठ’ सारखेच ऐकू येतात. ‘एकोणसत्तर’ आणि ‘एकोणऐंशी’ तर समोरासमोर बसूनही चुकतात. म्हणून जोडआकडा उच्चारायचाच नाही, एकेक अंक सुटा सांगायचा. एकोणसाठ नाही, ‘पाच, नऊ’. पलीकडच्यानं तो परत वाचायचा, तुम्ही ‘बरोबर’ म्हणायचं, मग पुढे जायचं.

जागा सांगताना गावाच्या नावावर विसंबू नका. पिंप्री खान्देशात किती, मोजून बघा. सातपुड्यातले कितीतरी पाडे नकाशावरही नाहीत. तालुका सांगा, जवळचा ओढा सांगा आणि मोबाइलच्या जीपीएसवरून अक्षांश-रेखांश सांगा, जीपीएसला मोबाइलची रेंज लागत नाही. दशांश चिन्हापुढे चार अंक सांगितले की जागा दहा-बारा मीटरात येते. दोनच सांगितले तर किलोमीटरभराचा घोळ, आणि सातपुड्यात तेवढ्यात मध्ये एक दरी बसते.

निरोप आधी कागदावर लिहा, मग वाचा. आमचा साधारण असा होता: ‘आबा, तातडीचा निरोप आहे, लिहून घ्या. वेळ एक, तीन, शून्य, पाच. जागेचे आकडे सांगतो. जखमी एक, घोटा सुजलाय, शुद्धीवर आहे, चालता येत नाही. रक्त नाही. पाणी आहे, जेवण आहे. हवं ते: जीप आणि उचलायला दोन माणसं. पुढची हाक एक, तीन, तीन, शून्य ला. परत वाचा.’ यात ‘लवकर या हो’ नाही, ‘फार भयंकर झालं’ नाही. घाबरलेला माणूस लांबलचक बोलतो आणि बॅटरी खातो. काय झालं यापेक्षा काय हवं ते नीट सांगितलं की पलीकडचा कामाला लागतो.

जीवावरचं संकट असेल तर चालू संभाषणात ‘ब्रेक, इमर्जन्सी’ म्हणून मध्ये शिरा, सगळे थांबतील. दुसऱ्या कुणाची अशी हाक ऐकलीत तर गप्प राहा, लिहून घ्या, आणि त्याला कुणीच उत्तर देत नसेल तरच बोला.

मात्र पहिला प्रयत्न मोबाइलवर ११२ चाच करा. आपल्या सिमला रेंज नसली तरी आपत्कालीन फोन दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो. रुग्णवाहिकेचा १०८ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हे नंबर ऐकणाऱ्याच्या कागदावर हवेत, कारण फोन त्यालाच करायचा आहे.

गावावर संकट येतं तेव्हा

२००४ च्या डिसेंबरात हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ॲमॅच्युअर रेडिओच्या भारती प्रसाद अंदमानात हौशी स्टेशन चालवत होत्या, कॉल साइन व्हीयू४आरबीआय. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन गेले, आणि त्यांच्या स्टेशनानं बेटांचा निरोप मुख्य भूमीला पोचवला. त्या अगोदर १९९३ ला किल्लारीत आणि २००१ ला भूजमध्येही हॅम मंडळी सेट घेऊन पोचली होती. अंदमानची गोष्ट मला वेगळी वाटते ती एवढ्यासाठी, की तिथे स्टेशन लाटेआधीच उभं होतं, अँटेना आधीच चढलेली होती आणि जगभरचे लोक ते ऐकायला आधीच बसले होते.

आपल्याकडे ३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर-डोंगरीच्या पुरानं चाळीसगावात पाणी शिरलं आणि त्याच पावसात कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद झाला. घाटाच्या वर एक आणि खाली एक असे दोन सेट असले, तर कुठे किती गाड्या अडकल्या, कुणाला औषध हवं, हे अशा वेळी मिनिटात कळू शकतं. हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्यावर तापीकाठी, धनत्रयोदशीच्या अस्तंबा यात्रेत रात्रीच्या चढणीवर, पायथा-मधली टेकडी-शिखर असे तीन सेट, हीच रचना लागते.

पण पूर आल्यावर हँडी घेऊन धावत जाऊ नका. आधीच, उन्हाळ्यात, चार-पाच परवानाधारक मिळून जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात जा. नावं, कॉल साइन, कोणाकडे कोणता सेट, कोणाची बॅटरी किती तास चालते, हे एका पानावर लिहून द्या. तालीम होईल तेव्हा बोलवा, असं सांगा. पूर आल्यावर त्यांनी बोलावलं तर जा, नेमून दिलेल्या जागी बसा, आलेला निरोप शब्द न बदलता पुढे द्या. अफवा निरोप म्हणून पाठवू नका. कोण गेलं, कोण सापडत नाही, ही नावं अधिकाऱ्यानं लेखी दिल्याशिवाय हवेवर घेऊ नका, कारण त्या घरातलंही कुणी ऐकत असू शकतं.

ऊन आणि वीज

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेली लिथियम बॅटरी फुगते, ती पुन्हा वापरू नका. बॅटरी ओल्या फडक्यात नाही, कोरड्या कापडात गुंडाळून पिशवीच्या मध्यभागी ठेवा. जूनमध्ये गडगडाट ऐकू आला की झाडावरची तार उतरवा, केबल सेटमधून काढा आणि धारेवरून खाली या, हाकेची वेळ असली तरी. ऐकणाऱ्याच्या कागदावर ‘विजा असतील तर हाक पुढच्या वेळी’ हे वाक्य आधीच असू द्या.

पहिला सराव

परवाना आला की एकदम तोरणमाळ नको. धुळेकर असाल तर लळिंग किल्ल्यावर एकानं चढायचं आणि दुसऱ्यानं शहरातल्या गच्चीवर बसायचं. चाळीसगावकरांना पाटणादेवी आहे. मंदिराच्या आवारातून एकदा बोला, मग कान्हेरगडावरून बोला आणि फरक वहीत लिहा. वर चढताना दर अर्ध्या तासानं थांबून हाक द्यायची, रबरी अँटेनानं एकदा, शेपटी लावून एकदा, झाडावर टांगून एकदा. पलीकडच्यानं दर वेळी आवाजाला एक ते पाच गुण द्यायचे. वहीत तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, जागा, अँटेना आणि गुण असे सहा रकाने आखा. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर आबांच्या अक्षरात सात ओळी आहेत. पाच ओळींत गुण एक, सहावीत तीन आणि सातवीत, जिथं मावसभाऊ बुरुजावर चढला, तिथं पाच.